जागल्याचे घड्याळ

आमच्या थोरल्या बंधूंना घरात लहानथोर सारेच दादा म्हणतात. सिन्नरहून थोडे आत आमचा वडिलोपार्जित मळा आहे. तो तेच पाहतात. दोन वर्षांपूर्वी, दिवाळी आठ दिवसांवर आली असताना, त्यांचे उजवे मनगट मोडले. मोडले ते एका यंत्राच्या वेळ चुकल्यामुळे. घड्याळ मागे पडले म्हणून गाडी चुकलेली माणसे आपण पाहतो. घड्याळ मागे पडले म्हणून हाड मोडलेला माणूस मी तरी घरातच पहिल्यांदा पाहिला. तेव्हापासून ही ‘वेळ राखण्याची’ गोष्ट माझ्या डोक्यातून गेली नाही, आणि तिच्या मागे लागून मी जे थोडेबहुत वाचले, विचारले, ते आज दिवाळीच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवीत आहे.

आधी अपघात सांगतो. ज्यांचा शेतीशी संबंध नाही अशा वाचकांना एक गोष्ट समजावून दिली पाहिजे. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ १९६० साली स्थापन झाले आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांत खेड्यापाड्यांतील विहिरींवर मोटारी बसल्या. मोटेची करकर थांबली. पण विजेची मागणी वाढत गेली, पुरवठा मागे पडला, आणि शेतीपंपांना वीज पाळीपाळीने देण्याची पद्धत रुळली. आठवड्याच्या चक्राने कधी दिवसा ८ तास, तर कधी रात्री १० तास थ्री-फेज वीज. रात्रपाळीचा आठवडा आला की शेतकऱ्याने घोंगडी घेऊन, बॅटरी हातात धरून, पाणी भरायला निघायचे. पायाखाली साप, आणि अलीकडे उसात बिबट्या. निफाड-सिन्नरकडच्या माणसाला बिबट्याचे नवल राहिलेले नाही, भीती मात्र तेवढीच आहे.

दादांची साठी उलटलेली. त्यांच्या मुलाने, म्हणजे माझ्या पुतण्याने, त्यांचे रात्रीचे हेलपाटे वाचवावे म्हणून एक यंत्र जुळविले. पत्त्याच्या पानाएवढी एक हिरवी पाटी. तिच्यावर एक अख्खा संगणक. रास्पबेरी पाय असे तिचे नाव. इंग्लंडात केंब्रिजच्या काही मंडळींनी मुलांना संगणक शिकता यावा म्हणून ती काढली, आणि २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ती विक्रीस आली. चार वर्षांतून एकदा येणाऱ्या तारखेस जन्मलेल्या या यंत्राला तारखेचेच भान नसावे, हा एक विनोदच म्हणायचा. आमच्या विहिरीला पाणी बेताचे. म्हणून मोटार रात्री १२ ते २ चालायची आणि मग थांबायची, असे पुतण्याने त्या पाटीला सांगून ठेवले होते. महिनाभर सारे सुरळीत चालले. दादा घरी झोपू लागले.

त्या रात्री साडेबाराला वीज गेली. तीन वाजता दादांना जाग आली. कोपऱ्यावरच्या पाइपाचा जोड गळत होता हे त्यांना आठवले. दोन तर केव्हाच वाजून गेलेले, आता मोटार काही सुरू होत नाही, या भरवशावर ते विहिरीवर गेले आणि जोड ढिला करून बसले. तीन वाजून दहा मिनिटांनी वीज आली. पाटी जागी झाली. तिने आपल्या टिपणात पाहिले; तेथे शेवटची लिहून ठेवलेली वेळ बाराच्या सुमाराची होती. मधले तीन तास तिच्या लेखी झालेच नव्हते. बारा वाजले आहेत, मोटार लावायची वेळ झाली, असे समजून तिने इमानेइतबारे मोटार लावली. जोड हातातून उडाला, पाण्याच्या लोटाने दादा विहिरीच्या कठड्यावर आपटले. ते आत पडले नाहीत, हे आमचे भाग्य.

पुतण्या चार दिवस जेवला नाही. “काका, मशीन बिघडलं असतं तरी चाललं असतं, ते नीट चालत होतं,” एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणे.

यंत्र नीट चालत होते, आणि वेळ चुकीची होती. या दोन गोष्टी एकत्र कशा नांदतात, हे समजण्यासाठी मला बरेच मागे जावे लागले. आणि मागे जायला सिन्नरइतके सोयीचे गाव दुसरे नाही.

सिन्नर म्हणजे यादवांचे जुने राजधानीचे ठिकाण. सेउणचंद्राने वसविलेले सेउणपूर ते हेच, असे काही अभ्यासक मानतात. बाराव्या शतकाच्या अखेरीस पाचव्या भिल्लमाने देवगिरीला गादी हलविली, तोवर या वंशाची सत्ता याच परिसरातून चालली. गोंदेश्वराचे देऊळ पाहिले नाही असा सिन्नरकर विरळा. मध्ये शिवाचे मुख्य मंदिर आणि भोवती चार लहान मंदिरे, असे ते पंचायतन आहे. त्या चारांत एक सूर्याचे. अंगणात उभे राहिले की उन्हाची तिरीप कोणत्या खांबावर आली यावरून वेळ सांगणारी म्हातारी माणसे आम्ही लहानपणी पाहिली आहेत. सूर्य हेच मूळ घड्याळ. पण त्यात खोट अशी की ते रात्री बंद.

रात्रीसाठी आपल्या पूर्वजांनी घटिकापात्र वापरले. तांब्याची अर्धगोल वाटी, तिच्या बुडाला बारीक छिद्र. ती पाण्याने भरलेल्या घंगाळात तरंगत ठेवायची. छिद्रातून पाणी आत चढते आणि वाटी भरली की बुडते. ती एक घटका, म्हणजे २४ मिनिटे. अशा ६० घटकांचा अहोरात्र, ६० पळांची एक घटका. ‘घटका भरली’ हा आपला वाक्प्रचार याच वाटीतून निघाला. लग्नात जोशीबुवांनी घंगाळाशी बसून वाटीकडे डोळे लावलेले आमच्या आजीच्या पिढीने पाहिलेले. घड्याळ हा शब्दही घटीवरूनच आला. आणि ‘तास’ म्हणजे वेळ दाखविण्यासाठी ज्यावर टोला मारायचा ती धातूची थाळी. थाळी गेली, तिचे नाव वेळेला चिकटून राहिले.

पण वाटी बुडाली की पुढे काय? ती आपण होऊन वर येत नाही. कोणीतरी जागे राहून ती उचलली पाहिजे, रिकामी करून पुन्हा पाण्यावर ठेवली पाहिजे, आणि कितवी वाटी हे मोजले पाहिजे. हे काम करणारा घड्याळजी म्हणजेच खरे घड्याळ. त्याला डुलकी लागली तर वाटी तळाशी पडून राही आणि राजवाड्यातली रात्र तेथेच थांबे. उठल्यावर त्याने मोजणी पुढे चालू केली तर कोणाला कळणार? टोले व्यवस्थित पडत राहणार, आणि वेळ चुकीची असणार. आमच्या मळ्यात झाले ते नेमके हेच. वीज गेली तेव्हा घड्याळजी झोपला. वीज आल्यावर उठून त्याने बारापासून मोजायला सुरुवात केली.

यादवांची सत्ता सिन्नराकडे होती त्याच काळात, सह्याद्रीच्या आश्रयाने राहून भास्कराचार्यांनी ११५० साली ‘सिद्धान्तशिरोमणि’ लिहिला. पुढे त्यांचा नातू चंगदेव याने यादव राजा सिंघणाच्या काळात चाळीसगावाजवळ पाटण येथे आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला. त्याचा १२०७ च्या सुमाराचा शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. ‘सिद्धान्तशिरोमणी’तील यंत्राध्यायात भास्कराचार्यांनी गोल, नाडीवलय, यष्टी, शंकू, घटी, चक्र, चाप, तुर्य, फलक अशी यंत्रे सांगितली आहेत आणि शेवटी धीयंत्र, म्हणजे बुद्धी हेच यंत्र, सर्वांत श्रेष्ठ ठरविले आहे. तेथेच त्यांनी पाऱ्याने भरलेल्या आऱ्यांचे, आपोआप फिरत राहणारे चाकही वर्णिले आहे. तसे चाक फिरत नाही हे आज शाळकरी मुलगाही सांगेल. वीज न लागणारे यंत्र हवे ही हाव मात्र जुनी दिसते!

मला त्यांचे घटीविषयीचे म्हणणे विशेष आवडले. जुन्या ग्रंथांत वाटीचे वजन, उंची, छिद्र करायच्या सुईचे माप असा सारा तपशील असे. भास्कराचार्य म्हणतात त्याचा भावार्थ असा, की एवढी यातायात कशाला? वाटी करा; एका अहोरात्रात ती किती वेळा बुडते ते मोजा; त्या संख्येने साठाला भागा, म्हणजे या वाटीची घटका किती ते कळेल. वाटी कशीही असो, तिला सूर्याशी ताडून पाहिले की झाले. कारागिराच्या सुईवर विसंबण्यापेक्षा पडताळा घेण्यावर विसंबणारा हा माणूस होता. त्यांच्याच लीलावतीची दंतकथा मात्र नेमकी उलट आहे: मुहूर्ताच्या घटिकापात्रात तिच्या वस्त्रावरचा मोती पडला, छिद्र बुजले, वाटी बुडलीच नाही आणि मुहूर्त टळला. ही कथा फैझीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतराबरोबर आली. भास्कराचार्यांच्या ग्रंथात तिचा मागमूस नाही. तरी ती शतकानुशतके टिकली, कारण थांबलेले घड्याळ गुपचूप थांबते ही भीती सर्वांच्या ओळखीची आहे.

आता इंग्रजी अमदानीकडे वळू. येथे गोष्ट जरा गमतीची होते. तोवर प्रत्येक गावाचा मध्यान्ह गावापुरता होता. सिन्नर पूर्व रेखांश ७४ च्या आसपास. म्हणजे ग्रिनिचच्या ४ तास ५६ मिनिटे पुढे. मुंबई ४ तास ५१ मिनिटे. पाच मिनिटांच्या या फरकाने कोणाचे काही अडत नव्हते. आगगाडी आली आणि अडू लागले. रेल्वेने मद्रासच्या वेधशाळेची वेळ धरली, ५ तास २१ मिनिटांची, आणि ती तारायंत्राने स्टेशनास्टेशनाला कळविली जाई. म्हणजे सिन्नरचा माणूस बैलगाडीने नाशिक रोडला पोहोचला की स्टेशनावरचे घड्याळ त्याच्या गावच्या वेळेपेक्षा २५ मिनिटे पुढे! मुंबईत १८८१ साली गव्हर्नर फर्ग्युसन यांनी मद्रास टाइम लादून पाहिला. लोकांनी तो चालू दिला नाही आणि १८८३ मध्ये तो मागे घ्यावा लागला. पुढे १ जानेवारी १९०६ पासून स्टँडर्ड टाइम आला, ५ तास ३० मिनिटांचा. मुंबईचे गिरणी कामगारसुद्धा त्याविरुद्ध उठले. मालकाने घड्याळ ३९ मिनिटे पुढे केले म्हणजे आपली झोप ३९ मिनिटांनी चोरली, हा त्यांचा हिशेब अगदी सरळ होता. शहरात ‘बाँबे टाइम’ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे रेंगाळला. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५, स्टँडर्ड टाइमच एक तास पुढे नेला होता. तेव्हा भेटीची वेळ ठरविताना ‘कोणत्या घड्याळाने?’ असे विचारावे लागत असणार!

तारेने वेळ कळविण्याची ती युक्ती आज इंटरनेटने चालविली आहे. संगणकांनी एकमेकांस वेळ विचारण्याची रीत १९८५ पासून रूढ झाली. रास्पबेरी पाय बनविणाऱ्यांनी तिच्यावरच भिस्त ठेवली. पाटी स्वस्त हवी होती. मग घड्याळाचा तुकडा आणि त्याची बॅटरी कशाला घाला? पाटी सुरू झाली की नेटवर वेळ विचारील. शहरात हे खपून गेले. विहिरीवर नेट कोठले? तेथे पाटी आपली शेवटची टीप पाहते आणि तेथून पुढे मोजू लागते. टीपही नसेल तर अशी यंत्रे १ जानेवारी १९७० ही तारीख धरून बसतात, कारण त्यांच्या कालगणनेचा शकारंभ तो.

मौज अशी की ही चूक एकदा होऊन गेलेली होती. आय.बी.एम.चा १९८१ चा घरगुती संगणक सुरू करताना दर वेळी तारीख आणि वेळ माणसालाच विचारी. १९८४ च्या सुधारलेल्या यंत्रात बॅटरीवर चालणारे घड्याळ आले, आणि लोक तो त्रास विसरून गेले. तीस वर्षांनी पाटी लहान झाली तसे घड्याळ पुन्हा गळाले. ते परत बसविण्याची सोय खुद्द पाटीवर आली २०२३ मध्ये, पाचव्या आवृत्तीत. आणि तीतही बॅटरी आपली आपण आणायची. आमच्या पुतण्याची पाटी त्याआधीची.

दादांचा हात प्लॅस्टरमध्ये असतानाच त्याने नवी जुळणी सुरू केली. मी शेजारी बसून पाहत असे. बोटाच्या पेराएवढा एक घड्याळाचा तुकडा, आणि पूर्वीच्या चांदीच्या रुपयापेक्षा थोडा लहान असा एक चपटा सेल. तुकड्यात गारेचा, क्वार्ट्झचा, स्फटिक असतो. त्याला विजेचा हलका धक्का दिला की तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा असा विचित्र का? कारण १ चे १५ वेळा दुप्पट केले की ३२,७६८ येतात. उलट १५ वेळा निम्मे केले की बरोबर एक सेकंद हाती लागतो, आणि निम्मे करणे हे यंत्राला सर्वांत सोपे गणित आहे. उन्हाळ्यात मात्र स्फटिक रेंगाळतो. ४५ अंशांच्या तापात साधा तुकडा दिवसाला सेकंदभर मागे पडू शकतो. पुतण्याने घेतलेला तुकडा स्वतःचे तापमान मोजून चूक सुधारून घेतो, आणि वर्षाकाठी मिनिटभरापेक्षा अधिक चुकत नाही. त्याची भूक तर विचारूच नका: त्या एका सेलवर तो कित्येक वर्षे जागा राहतो.

हे ऐकून दादा म्हणाले, “म्हणजे जागल्या ठेवलास म्हण की!”

दादांचे सासर बागलाणात, मोसम नदीच्या काठी. तिकडे फड पद्धतीची बागाईत शतकानुशतके चालत आली. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाच्या पाण्याची पाळी गावाने ठरवायची. पाणी सोडायला पाटकरी, आणि पाटावर व पिकावर नजर ठेवायला जागल्या. पाटकऱ्याने पाळी संपवून झोपावे. कारण जागल्या जागा आहे. मला दादांचा शब्द एकदम पटला. त्या यंत्राला त्याहून चांगले मराठी नाव मला सापडले नाही.

जागल्या आल्यावर पाटकऱ्याला झोपविता आले. जुळणीचा दुसरा भाग तोच. पूर्वी पाटी मोटारीच्या विजेवर रात्रंदिवस जागी असे आणि वीज गेली की अचानक मरे. अचानक मरणे तिला मानवत नाही. लिहिता लिहिता वीज गेली तर तिचे टिपणाचे कार्डच बिघडते. आता तिला सौर तावदानावर भरणारी स्वतःची बॅटरी दिली, आणि झोपा-उठायची वेळ ठरवून दिली. हिशेब पाहण्याजोगा आहे. पाटीला साधारण ३ वॅट लागतात. अहोरात्र जागी राहिली तर ७२ वॅट-तास. स्कूटरच्या बॅटरीएवढी १२ व्होल्टची, ७ अँपिअर-तासांची बॅटरी सांभाळते ८४. म्हणजे ढगाळ हवा आली तर एका दिवसात खेळ खलास. पण तासातून ५ मिनिटेच पाटी उठली, तर दिवसाचे २ तास, ६ वॅट-तास. तीच बॅटरी कागदावर १४ दिवस पुरते. मोटार चालू असताना पाटी मुळीच झोपत नाही, एवढा अपवाद. तेव्हा हिशेब थोडा घटतो.

उठणे-झोपणे चालते ते असे. ठरल्या क्षणी जागल्या एक तार खाली ओढतो. तिच्यावरचा विजेचा दरवाजा उघडतो आणि पाटीला वीज मिळते. पाटी जागी होते, जागल्याला वेळ विचारते, विहिरीची पातळी आणि तिन्ही फेज पाहते, आपले काम करते. मग ‘मला पुन्हा अमुक वाजता उठव’ असे जागल्याजवळ सांगून रीतसर मिटते. ती पुरती मिटल्याची खूण मिळाल्यावरच दरवाजा बंद होतो. उठविण्याचे सांगायला विसरली तर? तर ती कायमची झोपली. पुतण्याच्या हातून पहिल्या आठवड्यात हे दोनदा झाले.

आणखी दोन गोष्टी त्याने केल्या, त्या दादांच्या मोडक्या हाताने शिकविलेल्या. वीज परत आली म्हणून मोटार लगेच लावायची नाही. आधी काही मिनिटे थांबायचे. वीज येताच सगळ्या मळ्यांतल्या मोटारी ऑटो स्विचने एकदम उठल्या तर रोहित्रावर भार पडून ते जळते. ऑटो काढा म्हणून शेतकऱ्यांना वारंवार विनविले जाते ते याचसाठी. दुसरी गोष्ट अधिक मोलाची. जागल्याचा सेल मध्ये कधी बंद पडला असेल, तर तो तुकडा तशी खूण धरून ठेवतो. ती खूण दिसली की पाटी मोटारीला हात लावीत नाही. नुसता तांबडा दिवा लावून बसते. आणि विहिरीच्या कठड्याशी हाताने दाबायचा मोठा खटका आला. पाइपाला हात लावायच्या आधी तो दाबायचा, मग पाटीला काहीही वाटो.

गेल्या दिवाळीत पाडव्याच्या दिवशी मी मळ्यावर होतो. पुतण्याने अंगणात एक सरळ काठी रोवली आणि तिच्याभोवती दोरीने वर्तुळ काढले. शंकू म्हणतात तो हाच. सकाळी सावलीचे टोक वर्तुळाला टेकले तेव्हा ११ वाजले होते. दुपारी ते पुन्हा टेकले तेव्हा १ वाजून ३६ मिनिटे. मधोमध आले १२ वाजून १८. आता, सिन्नर स्टँडर्ड टाइमच्या रेखांशाच्या पश्चिमेला असल्यामुळे येथे सूर्य ३४ मिनिटे उशिरा माथ्यावर येतो, आणि दिवाळीच्या दिवसांत तो सुमारे १६ मिनिटे लवकर येत असतो. चौतिसातून सोळा गेले, राहिले अठरा. पुतण्याने पेटीचे झाकण उघडले. जागल्या सूर्याशी जुळत होता.

दादांनी मनगट फिरवून आपले जुने चावीचे घड्याळ पाहिले. ते दोन मिनिटे पुढे होते. “राहू दे,” ते म्हणाले, आणि गाईंना ओवाळायचे राहिले होते म्हणून गोठ्याकडे गेले.